उलथनेकाका आणि न रुळलेल्या पेशी

इस्पितळाच्या तळघरात, एका बाजूला धोबीखाना आणि दुसऱ्या बाजूला मोडक्या खाटांची अडगळ, अशा जागी एक खोली होती. पलीकडची कपडे धुण्याची यंत्रं जोरात घुमायला लागली की खोलीतल्या टेबलावरची पेन्सिल आपली आपण फिरायला निघायची. त्या टेबलाशी जे गृहस्थ बसायचे त्यांचं खरं नाव पगार काढणाऱ्या कारकुनाला तेवढं ठाऊक. बाकी सगळं इस्पितळ त्यांना उलथनं म्हणायचं. इकडचं तिकडे उलथतो आणि करपू देत नाही, म्हणून उलथनं! तोंडावर अर्थात उलथनेकाका. नव्या नर्सबाईंना वाटायचं, आडनावच आहे. काकांनी कधी कुणाची चूक सुधारली नाही. फोन वाजला की स्वतःच म्हणायचे, "हं, उलथने बोलतोय."

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. जपानी रोग्यांना द्यायची माहितीपत्रकं इंग्रजीत यायची, ती ते जपानीत करायचे. करायला मात्र घाम फुटायचा, कारण पत्रकात निम्मे शब्द जीवशास्त्राचे. त्याची काकांना धास्ती नव्हती. तरुणपणी ते एका गावातल्या शाळेत प्राणिशास्त्र शिकवत. त्या गावात चष्म्याच्या भिंगांचा कारखाना निघाला, यंत्रं बसवायला एक जपानी तंत्रज्ञ आला, आणि त्याच्या मुलीला इथली भाषा शिकवायची शिकवणी काकांना मिळाली. तुमची भाषा तुम्ही मला शिकवा, जपानी मी तुम्हाला शिकवते, असं करता करता शिकवणी लग्नापर्यंत कशी गेली हे दोघांनाही नीट सांगता येत नसे. पुढे सासरे गेले आणि सासूबाई लेकी-जावयाकडे राहायला आल्या. त्यांना जपानीशिवाय दुसरं अक्षर वाचता येत नव्हतं, आणि शिकायची इच्छाही नव्हती.

आता खरी गंमत ऐका. काकांचं जपानी मोठेपणी शिकलेलं. व्याकरण असं पक्कं की खिळा मारावा, पण कान उसना. वाक्य बरोबर आहे की नाही हे त्यांना कळायचं. जपानी माणसाच्या कानाला ते घरचं वाटेल की सरकारी, हे कळायचं नाही. म्हणून त्यांनी एक रीत पाडली होती. संध्याकाळी सासूबाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या की काका समोर स्टूल ओढून एकेक वाक्य वाचून दाखवायचे, आणि सासूबाईंनी मटार बाजूला सारून ऐकलं त्याचं चित्र काढायचं. बोलायचं नाही, मत द्यायचं नाही, फक्त चित्र. चित्र बरोबर आलं तर वाक्य पास.

एकदा लहान मुलांच्या हाडांवरचं पत्रक होतं. हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिथून हाड वाढतं. इंग्रजीत त्या चकतीच्या नावात जो शब्द आहे तो जेवायच्या ताटालाही चालतो. काकांनी घाईत ताट उचललं. सासूबाईंनी चित्र काढलं: झकास नक्षीची थाळी, तिच्यात उभं ठेवलेलं हाड, आणि शेजारी चमचा.

"आई, हे काय?"

"तुम्ही वाढलंत ते काढलं, जावईबापू. खायचं कुणी ते तुम्हीच सांगा."

काकांच्या बायकोने ते चित्र आठवडाभर कपाटावर चिकटवून ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची.

तर असा हा कारखाना. माणूस तळघरात बसायचा खरा, पण त्याची पत्रकं वाचून कुणाचा गोंधळ झाला असं कधी घडलं नव्हतं. आणि मग ते पत्रक आलं.

पत्रक होतं अस्थिमज्जा बदलण्याबद्दलचं. हाडांच्या पोकळीत मज्जा असते, तिथे रक्त तयार होतं. ती बिघडली की दुसऱ्या माणसाची निरोगी मज्जा द्यावी लागते. पण त्या मज्जेबरोबर देणाऱ्याच्या शरीराच्या राखणदार पेशीही येतात. या पेशींना घेणाऱ्याचं शरीर परकं वाटतं, आणि त्या त्याच्या कातडीला, यकृताला, आतड्याला इजा करू शकतात. या प्रकाराला इंग्रजीत एक लांबलचक नाव आहे, आणि जपानी शब्दकोशात त्याचा छापील, अधिकृत प्रतिशब्दही आहे: 'इशोकुहेन ताई शुकुशु ब्यो'. फोड करून सांगायचं तर 'लावलेला तुकडा विरुद्ध यजमान' असा रोग.

अधिकृत शब्द मिळाला म्हणताना काका खूश. छापील शब्दाचं चित्र कशाला काढायचं? त्यांच्या घरात हाच नियम होता: काकांनी जुळवलेल्या वाक्याची परीक्षा व्हायची, कोशातल्या शब्दाला माफी. सासूबाईंनी बाकीची सगळी वाक्यं तपासली. तेवढा शब्द, आणि त्याच्याच सुरात लिहिलेलं पुढचं एक वाक्य, 'देणाऱ्याच्या पेशी यजमानाच्या शरीरावर हल्ला करतात', ही मात्र तशीच गेली.

काही आठवड्यांनी मज्जा-विभागाच्या डॉक्टरीणबाई स्वतः तळघरात उतरल्या. बाई उंच, चालण्यात घाई, बोलण्यात त्याहून. त्यांना तिथे पाहून धोबीखान्यातली माणसं यंत्रं थांबवून बघायला लागली.

"उलथनेकाका, तुमचं जपानी पत्रक वाचून एक बाई नाही म्हणतायत."

"कशाला नाही?"

"भावाला मज्जा द्यायला. भाऊ आमच्याकडे आहे, पियानो सुरात लावायचं काम करतो, इथे बरीच वर्षं आहे. ही थोरली बहीण मुद्दाम विमानाने आली. तपासण्या झाल्या, मज्जा अगदी छान जुळली. दुसरं इतकं जुळणारं कुणी सापडलेलं नाही. परवापर्यंत तयार होती. काल पत्रक वाचलं आणि मान हलवून बसली."

"भीती वाटली असेल सुईची."

"सुईचं पान तिने हसत वाचलं म्हणे. हे बघा, नाही म्हणायचा तिला पुरता हक्क आहे. मी तिला गळ घालणार नाही, तुम्हीही घालू नका. पण ती कशाला नाही म्हणतेय ते मला कळलं पाहिजे. नीट समजून नाही म्हणाली तर माझी हरकत नाही. गैरसमजातून म्हणाली आणि तिकडे तो गेला, तर ते कुणाच्या माथी?"

कुणाच्या माथी, हे काकांना न सांगताच कळलं. ते बूट घालायला लागले. बूट पायातच होते.

बहीण वरच्या मजल्यावरच्या भेटीच्या खोलीत बसली होती. ठेंगणीठुसकी, करड्या केसांची, मांडीवर पर्स दोन्ही हातांनी धरलेली. तिचं बटणांचं दुकान होतं. काकांनी नमस्कार केला, जपानीत विचारपूस केली. दोन वाक्यं होताच बाई मोकळी झाली. परक्या मुलखात आपली भाषा कानावर पडली की माणूस कसा होतो, ते काय सांगायला हवं?

"आमचं लहानपणापासून पटत नाही हो," ती म्हणाली. "एका ताटात वाढलो आणि त्या ताटावरून भांडलो. वडिलांचं दुकान मी घेतलं तेव्हापासून तर बोलणंच बंद. त्याला वाटतं मी त्याला हाकललं. मला वाटतं तो पळाला. आजारी आहे म्हटल्यावर मी म्हटलं, जाऊ दे ते सगळं, निदान हाडातलं काहीतरी देते. आणि मग हे वाचलं." तिने पत्रकातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "माझ्या पेशी त्याच्या आत जाऊन त्याच्यावरच हल्ला करणार. म्हणजे बाहेर भांडून माझं पोट भरलं नाही, आता आत शिरून भांडू? आणि तो मेला तर माझ्या हातून मेला. नको बाई."

"तुमचे भाऊ काय म्हणतात?"

"तो काय म्हणणार? नर्सने विचारलं तर म्हणाला, ती देणार नाही हे मला माहीतच होतं."

काका जिना उतरायला लागले ते अर्ध्यात कठडा धरून उभे राहिले. तो शब्द कोशातला, खरा, बिनचूक. इंग्रजी नावाशी ताडून बघा, काटा इकडचा तिकडे होणार नाही. पण या बाईच्या डोळ्यांपुढे त्याने जे चित्र उभं केलं ते काय होतं? आणि ते बघायची रीत तर त्यांच्याच स्वयंपाकघरात होती!

घरी जाऊन त्यांनी पहिल्यांदा ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली. सासूबाईंनी पेन्सिल हातात घेतली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. कागदावर एक घर आलं. घराचा मालक दाराशी वाकून पाहुणीचं स्वागत करतोय, आणि पाहुणीच्या पाठीमागे लपवलेल्या हातात सुरा.

काकांनी कागद स्वतःकडे वळवला. "आई, हे मी आधीच तुमच्याकडून काढून घ्यायला हवं होतं."

"तुम्हीच म्हणालात, छापील आहे," सासूबाई म्हणाल्या. "छापील म्हटल्यावर माझी काय बिशाद!"

मग सुरू झाली ओढाताण. शब्द बदलावा तर बदलता येत नाही. पुढे डॉक्टर, औषधवाले, सगळे तोच शब्द वापरणार, बाईला तो ओळखता आला पाहिजे. बदलायचं होतं ते त्याच्या मागचं वाक्य. काकांनी 'हल्ला' काढून 'विरोध' घातला. सासूबाईंनी निशाण घेतलेला मोर्चा काढला. 'प्रतिक्रिया देतात' असं लिहिलं. सासूबाईंनी कोरा कागद परत दिला. "यात काही दिसतच नाही," म्हणाल्या, "नुसतं धुकं." बायको म्हणाली, "अहो, जेवून घ्या, पेशी काही पळून जात नाहीत." काका म्हणाले, "पेशी नाही गं, वेळ पळतोय."

दुसऱ्या दिवशी काका संध्याकाळी घरी परतले तर इमारतीच्या फाटकाशी हा गलका. जुना पहारेकरी सोडून गेला होता आणि त्याच दिवशी नवा आला होता. अंगाने दणकट, कामाला चोख, आणि इमारतीतलं एकही तोंड ओळखीचं नाही. त्याने सकाळपासून पाववाल्याला परत पाठवलं होतं, वरच्या मजल्यावरच्या सुताराची हत्यारांची पेटी हिसकावताना तिची कडी तोडली होती, आणि आता फिरून आलेल्या सासूबाईंना अडवून धरलं होतं. सासूबाई पायरीवर फतकल मारून बसलेल्या. तो विचारतोय, "कुणाकडे जायचंय?" त्या उत्तर देतायत जपानीत. तो आवाज चढवतोय, त्या आणखी सावकाश, समजावून, पण जपानीतच.

"अहो, या इथेच राहतात!" काका धावत आले.

"आणि तुम्ही कोण?" पहारेकरी म्हणाला.

झालं! शेवटी बायकोला खिडकीतून ओरडून सांगावं लागलं, की हे माझे यजमान आहेत आणि ती माझी आई, दोघांनाही आत घ्या, निदान आईला तरी.

जिना चढताना काका तणतणत होते. "काय माणूस ठेवलाय! घरच्यांनाच घरात येऊ देत नाही. सुताराच्या पेटीचं बघितलंत?"

सासूबाई दम खात म्हणाल्या, "माणूस वाईट नाही. राखायलाच आलाय. अजून 'नाजिमला' नाही, एवढंच."

काका पायरीवर थबकले.

आता हा 'नाजिमु' शब्द जपानीत फार घरगुती. नवे बूट चार दिवस चावतात आणि मग पायाला बसतात, तेव्हा ते नाजिमतात. नवी सून, नवा शेजारी, नवी कढई, सगळी हळूहळू नाजिमतात. आपण रुळणं म्हणतो ना, तेच. आजपर्यंत काकांनी तो शब्द पन्नास वेळा ऐकला असेल, पण वैद्यकीय पत्रकात तो चालेल हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. पत्रकाची भाषा म्हटली की त्यांच्या मनाने आधी टाय बांधलेला असायचा.

"आई, पुन्हा म्हणा."

"काय पुन्हा म्हणू? गुडघे दुखतायत, सरका पुढे."

त्या संध्याकाळी मटार तसेच राहिले. काकांनी वाक्य लिहिलं: 'मज्जेबरोबर आलेल्या राखणदार पेशी नव्या शरीरात अजून रुळलेल्या नसतात. तिथल्या घरच्या पेशी त्यांच्या ओळखीच्या नसतात.' सासूबाईंनी ऐकलं आणि फटाफट काढून टाकलं: एक फाटक, काठी घेतलेला गोंधळलेला जवान, आणि समोर पिशव्या घेऊन ताटकळलेलं सगळं कुटुंब. जवानाची मिशी हुबेहूब खालच्या पहारेकऱ्याची.

काका सकाळी तो मसुदा घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तोंडावर अशी कळा, की जणू लॉटरी लागली. बाईंनी इंग्रजीत अर्थ ऐकला, चष्मा काढला.

"छान आहे. पण चालणार नाही."

"का?"

"फार गोड झालं, काका. या आजाराने माणसं दगावतात. रुळलेल्या नाहीत म्हणजे काय, रुळतील की! असं वाटून कातडीवर चट्टे उठले तरी रोगी गप्प बसेल. भीती काढताना धोका काढून टाकलात तुम्ही."

काकांना राग आला. खरं म्हणजे रागापेक्षा लाज, पण दिसला राग. "मग पुन्हा सुरा देऊ का पाहुणीच्या हातात?"

"सुरा नको. पण तुमचा तो पहारेकरी नुसता गोंधळून उभा होता का? काही मोडलं नाही त्याने?" (चित्राची हकीकत काकांनी त्यांना हौसेने सांगितली होती.)

"मोडलं ना. सुताराच्या पेटीची कडी."

"मग ते लिहा की!"

काकांनी खिशातून पेन काढलं. मग तिथेच, बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर, उभ्या उभ्या त्यांनी पुढचं लिहिलं: 'परकं समजून त्या कातडी, यकृत किंवा आतड्याला इजा करतात. कधी थोडी, कधी जिवावर बेतणारी. तळहातावर किंवा तळपायावर लाली आली, जुलाब लागले, डोळे पिवळे दिसले, तर वाट न बघता त्याच वेळी सांगा. त्या रुळेपर्यंत आवर घालायला औषधं आहेत, पण ती प्रत्येक वेळी पुरतीलच असं नाही.' शेवटचा तुकडा बाईंनी आग्रहाने घालायला लावला. काकांनी कुरकुरत घातला. त्याखाली अधिकृत नाव, लांबच्या लांब, जसंच्या तसं. घरी ते सगळं पुन्हा सासूबाईंसमोर वाचलं. जवानाच्या चित्रात या वेळी मोडलेली पेटी आली, आणि खिडकीतून ओरडणारी बाईही आली. वाक्य पास.

नवं पत्रक बहिणीच्या हातात दिलं तेव्हा काका समोर बसले होते. बोलायचं नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. तिने एकदा वाचलं. मग पुन्हा, ओठ हलवत. मग पर्स बाजूला ठेवली.

"म्हणजे माझ्या पेशींना तो माझा भाऊ आहे हे माहीत नसणार."

"नाही. त्यांना तुमची दोघांची गोष्ट माहीत नाही."

"बरंय. मला माहीत असून मी काय दिवे लावले!" ती हसली, मग डोळे पुसले. "आणि तरीही जिवावर बेतू शकतं."

"बेतू शकतं," काका म्हणाले.

तिने पत्रकाची घडी घातली, पुन्हा उलगडली. काकांना वाटलं, आपण ते शेवटचं वाक्य गिळलं असतं तर? पण मग ती कशाला हो म्हणतेय ते तिला तरी कळलं असतं का?

"भांडण नाहीये ना ते," शेवटी ती म्हणाली. "मग देते. चुकून झालेलं सोसता येईल. मुद्दाम केल्यासारखं वाटलं असतं ते सोसलं नसतं." आणि मग, अगदी दुकानदारिणीच्या आवाजात, "भावालाही हेच वाचायला द्या. त्याला इंग्रजी येतं म्हणून तुम्ही इंग्रजी कागद दिला असणार. आजारी माणसाला घरच्या भाषेत सांगावं."

भावाने पत्रक वाचलं, नर्सला बोलावलं आणि म्हणाला, थोरलीला आत पाठवा. आत काय बोलणं झालं ते कुणाला ठाऊक नाही. काचेतून नर्सला एवढंच दिसलं की दोघंही एकाच वेळी बोलत होती.

मज्जा दिली गेली. पहिले दिवस बरे गेले. बहीण रोज मास्क लावून खाटेशी बसायची. एका सकाळी भावाने दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले ते काढेचना. घरी सोडायची गोष्ट निघाली होती, आणि त्याला पियानोची ओढ लागली होती.

"हात दाखव," बहीण म्हणाली.

"थंडी वाजतेय."

"लहानपणी काच फोडलीस तेव्हाही थंडीच वाजत होती तुला. दाखव!"

तिने पांघरूणच ओढलं. तळहात लालभडक. ती पत्रक घेऊन तडक नर्सच्या टेबलाशी गेली. तिथली भाषा येत नव्हती, पण तळहाताच्या ओळीवर बोट आपटत, मग स्वतःच्या तळहातावर बोट आपटत, तिने अख्खा विभाग डोक्यावर घेतला. डॉक्टरीणबाई आल्या, औषध लगेच सुरू झालं. चार रात्री सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग लाली उतरायला लागली.

डॉक्टरीणबाई पुन्हा तळघरात उतरल्या. "वेळेवर कळलं," म्हणाल्या. "एक दिवस उशीर झाला असता तर सांगता येत नाही." काकांनी खुर्ची पुढे केली, आणि घाईच्या त्या बाई, कधी न बसणाऱ्या, थोडा वेळ तिथे बसल्या. पलीकडे यंत्रं घुमत होती.

काका त्या दिवशी घरी गेले ते चपला काढायचं विसरून थेट स्वयंपाकघरात. सासूबाईंपुढे स्टूल ओढलं आणि सगळं सांगायला लागले. बाई काय म्हणाल्या, बहिणीने बोट कसं आपटलं, कुठलं वाक्य कसं कामाला आलं, त्यात सासूबाईंचा शब्द कसा अगदी नेमका बसला.

सासूबाई ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "मुलगा बरा आहे ना?"

"बरा आहे. पुढच्या आठवड्यात घरी जाईल."

"आणि बहीण जेवतेय का काही? परक्या जागी एकटी बाई."

काकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

"तिला उद्या इकडे घेऊन या," सासूबाई म्हणाल्या, "आणि चपला बाहेर काढा, जावईबापू."